कपाळावरचा दिवा आणि नऊ टाके

दिवा घरात आला तो माझ्यासाठी नव्हताच. माझे यजमान कूलर दुरुस्त करतात. मार्च लागला की नागपुरात त्यांना जो भाव येतो तो सासुरवाडीला गेलेल्या जावयालाही मिळत नाही. कूलरच्या टाकीखाली आडवं पडून मोटर बघायची, तर एका हातात टॉर्च, एका हातात पाना, मग स्क्रू काय दातात धरायचा? म्हणून त्यांनी बर्डीच्या फुटपाथवरून डोक्याला बांधायचा एलईडीचा दिवा आणला. स्वस्त, म्हणजे इतका स्वस्त की मी आधी हसले आणि मग संशयानं खोकं उलटसुलट करून पाहिलं. त्यावर उजेडाचा जो आकडा छापला होता तो खरा मानला, तर फुटाळा तलावाच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसायला हवं होतं.

मी रफू करते. इतवारीतल्या बोळात, घरातच. वडील हातमागावर बसायचे. माग गेला तेव्हा ते रफूला लागले आणि मी त्यांच्याजवळ बसून शिकले. रफू म्हणजे शिवण नव्हे, हे मी आयुष्यात किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. शिवताना फाटलेल्या दोन कडा जोडतात. रफूत जेवढं भोक पडलं तेवढं कापड सुईनं नव्यानं विणायचं असतं. आधी उभे धागे घालायचे, मग आडवे, एकाच्या वरून, एकाच्या खालून. आणि धागा बाजारातला चालत नाही, त्याच कपड्याच्या आत दडलेल्या काठातून ओढून काढायचा. काम नीट झालं तर गिऱ्हाईक विचारतं, भोक कुठं होतं? तेवढं ऐकलं की माझा दिवस सोन्याचा.

पण दोन वर्षांपासून असं कोणी विचारेनासं झालं होतं. एक तर डोळे उतरले. चष्म्याचा नंबर बदलून बदलून दुकानदारच कंटाळला. त्यात शेजाऱ्यानं तीन मजले चढवले आणि माझ्या खिडकीचा उजेड गिळून टाकला. त्याला मी काही बोलले नाही असं नाही, भरपूर बोलले, पण मजले काही उतरले नाहीत. काळं, निळं, चौकड्याचं कापड अंदाजानं जमायचं. पांढरं मात्र मी परत पाठवायला लागले. पांढऱ्यावर पांढरा धागा म्हणजे दुधात दही शोधायचं. वेळ नाही, असं खोटंच सांगायचे. आता दिसत नाही म्हणायला जीभ उचलत नव्हती.

यजमानांना प्रत्येक वस्तूचा निवाडा करायची सवय आहे. कणीक मळायच्या परातीचाही करतात. दिव्याचा निवाडा त्यांनी कूलरखालून बाहेर येऊन दिला. उजेड जबर. हात मोकळे. पण पट्टा रबरासारखा वास मारतो, मागची बॅटरीची डबी मान खेचते, कपाळ तापतं आणि दिव्याची पुढची मान ढिली असल्यामुळे तो घसरून नाकाकडे बघायला लागतो. सगळ्यात वाईट म्हणजे तो सरळ बंदच होत नाही. एकदा दाबलं की पूर्ण, दुसऱ्यांदा अर्धा, तिसऱ्यांदा तो पिसाळल्यासारखा उघडझाप करतो आणि चौथ्यांदा बंद. म्हणजे झोपण्याआधी रोज एकदा पिसाळायचंच, असा त्याचा नियम. वर ज्याच्याकडे बघून बोलाल तो माणूस दोन्ही हातांनी डोळे झाकणार. मी म्हटलं, अहो, तुमच्याकडे बघून बोलायची मला एवढी हौस नाही, द्या इकडे.

पहिल्यांदा बांधला आणि मांडीवरच्या रुमालावर पूर्ण उजेड टाकला तर काय, रुमालच नाहीसा झाला. नुसता पांढरा भडका. यजमानांनी पुढचं भिंग ओढून बघायला सांगितलं. ओढलं तर रुमालावर एक लख्ख चौकोन पडला आणि त्या चौकोनात बारीक जाळी. मला वाटलं, आता दिसलं विणकाम! ते म्हणाले, ती दिव्याच्या आतल्या चकतीची सावली आहे, तुझ्या रुमालाची नाही. मी दिवा काढून फेकणारच होते. रागारागानं पट्टा ओढला तसा दिवा कपाळावरून सरकत कानशिलावर आला आणि अर्धा उजेड रुमालावर अगदी आडवा, तिरपा पडला.

मी हात खाली ठेवले. प्रत्येक धागा उठून उभा राहिला होता. धाग्याशेजारी त्याची स्वतःची सावली, मग पुढचा धागा, त्याची सावली, नांगरलेल्या वावरासारखे तास पडलेले. चाळीस वर्षं मी ज्या कापडात सुई घातली ते मी कधी पाहिलंच नव्हतं, तरुणपणीच्या चांगल्या डोळ्यांनीसुद्धा नाही. धागा गोल नसतो. त्याला पीळ असतो, तो कुठं जाड, कुठं बारीक होतो आणि दुसऱ्या धाग्यावरून जाताना जरासा दबतो. साधा तीन रुमालांच्या पाकिटातला रुमाल, आणि त्याच्यात एवढं चाललेलं. मी यजमानांना हाक मारली. ते आले, वाकून बघायला लागले आणि त्यांना काही दिसलं नाही, कारण मी त्यांच्याकडे वळले होते आणि ते डोळे झाकून उभे होते.

तेव्हापासून दिवा माझा झाला. ढिल्या मानेत त्यांनी पुठ्ठ्याची घडी खोचून दिली. मी अर्धा उजेड, कानशिलावर, तिरपा, एवढंच वापरायचे. एक खोट मात्र शेवटपर्यंत राहिली. त्या निळसर उजेडात सगळं पांढरं सारखंच पांढरं दिसतं. जुनं पिवळसर पांढरं, नीळ घातलेलं पांढरं, दुधाळ पांढरं, काही फरक कळत नाही. म्हणून धाग्याचा रंग गच्चीवर उन्हातच जुळवायचा. हे एकदा ध्यानात ठेवलं की झालं, असं मला वाटायचं.

दसऱ्याला तीन आठवडे होते तेव्हा एक गृहस्थ आले. खापरखेड्याला नोकरी करून निवृत्त झालेले, आता प्रताप नगरात राहणारे. पिशवीतून त्यांनी एक लुगडं काढलं. पांढरं, सुती, जुनं, घड्या पडून पडून रेषांवर विरलेलं. त्यांची आई छप्पन साली सोळा-सतरा वर्षांची होती. भिवापूरकडच्या खेड्यातून आपल्या आईबापांसोबत बैलगाडीनं दीक्षेला आली तेव्हा हे लुगडं तिच्या अंगावर होतं. नंतर दरवर्षी ते पेटीतून निघायचं, धुवायचं, पुन्हा पेटीत. यंदा पेटीत उंदीर शिरला आणि पदराला तीन भोकं पाडून गेला. आईचे डोळे गेलेले, गुडघे गेलेले, पण तिनं एकच धोसरा लावला होता की यंदा हे लुगडं नेसूनच दीक्षाभूमीवर जायचं. पुढच्या वर्षीचं काही खरं नाही, हे ती स्वतःच म्हणायची.

ते सांगत होते, दोन ठिकाणी लोकांनी हात जोडले. एकानं ठिगळ लावून देतो म्हटलं. मी लुगडं हातात घेतलं, पांढरं होतं तरी वेळ नाही असं म्हटलं नाही. होऊन जाईल, असं म्हटलं.

तीन भोकं मी आठ दिवसांत भरली. दुपारी दार लावून बसायचे, दिवा कानशिलावर. लुगड्याच्या आतल्या टोकाचा धागा बोट-बोट करून ओढायचे, एवढा तो जुना होता, पण तुटला नाही. त्या उजेडात कापड वाचता येत होतं. विणकरानं एका ठिकाणी धागा जोडला होता, ती गाठ दिसायची. कोणी विणलं असेल कोण जाणे, पण हात आमच्याच मोहल्ल्यातला असेल असं मला उगाच वाटत राहिलं आणि मी एकटीच हसायचे. तिसरं भोक भरून मी पदर उजेडात फिरवला तर भोकं कुठं होती ते मलाच सापडेना. बस, मी हवेत गेले.

हवेत गेलेल्या माणसाचं जे होतं ते माझं झालं. पदराच्या कडेला, तिसऱ्या भोकापासून चार बोटांवर, मला एक जुनी दुरुस्ती दिसली. साध्या उजेडात ती जन्मात दिसली नसती. पांढऱ्यावर पांढरा धागा, पण जाड, भरड, आणि टाके वेडेवाकडे. एक लांब, एक आखूड. मोजले, नऊ होते. खालचं कापड टाक्यांनी ओढून चुणी पाडली होती. वडिलांची शिकवण अशी, की आपल्या रफूशेजारी दुसऱ्याचा कच्चा टाका ठेवायचा नाही. तो कापड ओढतो आणि वर्षभरात आपलं काम उसवतो. आधी तो काढायचा आणि मग तिथं नीट भरायचं. रफूवाल्याच्या घरात हे जेवणाआधी हात धुण्यासारखं आहे, त्यात विचार करायचा नसतो. मी केला नाही. सुईच्या टोकानं एकेक टाका उचलला. पाच काढले. ओढलेला धागा टाकायचा नाही, हीही घरचीच सवय, म्हणून ते पाच तुकडे ओल्या ताटलीच्या काठाला चिकटवून ठेवले.

तेवढ्यात दार वाजलं. गृहस्थ आले होते. काम कुठवर आलं बघायला आले नव्हते. आई रोज एकच विचारते, टाक्यांचं सांगितलं का, म्हणाले, म्हणून आलो. लुगडं देताना एक सांगायचं राहून गेलं. पदराला नऊ टाके आहेत, त्यांना हात लावू नका. ते तिच्या मायच्या हातचे आहेत. दीक्षेच्या दिवशी मैदानात गाडीच्या खिळ्यात पदर अडकून फाटला तेव्हा तिच्या मायनं आपल्या लुगड्याचा धागा ओढून तिथंच शिवून दिला होता. माय दोन वर्षांनी साप चावून गेली. तिचा फोटो नाही, भांडं नाही, काही नाही. आई लुगडं काढते ती त्या टाक्यांवर बोट फिरवायला. डोळे होते तेव्हाही ती बघत नव्हती, बोटच फिरवायची.

मी त्यांना काय सांगितलं? चहा घेता का विचारलं. दिवा डोक्यावर चालूच होता, बिचारे डोळ्यांवर हात धरून नको म्हणाले आणि गेले. दार लावून मी तिथंच खाली बसले. पदर ओढून उरलेले टाके मोजले, चार. आयुष्यात कोणाचं कापड मी खराब केलं नव्हतं, आणि केलं ते हे.

संध्याकाळी यजमानांना सांगितलं. ते निवाडा करतील म्हणून मी आधीच भांडायच्या तयारीत होते. त्यांनी नुसतं ताटलीकडे पाहिलं, पाच वाकडे धागे, वाळून ताटलीला धरलेले, आणि म्हणाले, "परत घाल. आन् मंग तिले सांगजो, तुह्याच तोंडानं." मी त्यांच्यावर चिडलेही, कारण ते बरोबर होतं.

आता ऐका, कारण माझा यावर अजून विश्वास बसत नाही. दुसऱ्या दिवशी मी दिवा लावला, पदर तिरपा धरला आणि जिथून टाके काढले तिथं बघितलं. भोकं तशीच होती. टाक्यांची भोकं, सुईएवढी, एकेक. एवढ्या वर्षांत कापड कितीदा धुतलं, पिळलं, वाळवलं, तरी ज्या जागी त्या बाईनं सुई घातली ती जागा कापडानं सोडली नव्हती. मधे टाक्याच्या दाबानं पडलेली बारीक खाच, ती तिरपी कुठल्या बाजूला कलते तेही दिसत होतं. मी हात जोडले. दिव्याला जोडले की कापडाला, माहीत नाही.

पहिला धागा भिजवून सरळ केला, सुईत घातला आणि पहिल्या भोकात सुई टाकली. जमेना. सुई जायची, पण टाका खाचेत बसायचा नाही, उलटा आडवा पडायचा. कापड फिरवून पाहिलं, उशीवर ठेवून पाहिलं. चाळीस वर्षांचा हात आणि एक भरड टाका घालता येईना. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा नीट बघितलं. गाठ डावीकडे होती. आपण उजवीकडून सुरू करतो आणि डावीकडे जातो. ही बाई डावीकडून उजवीकडे गेली होती आणि टाके माझ्या उलट बाजूला कललेले. ती डाव्या हातानं शिवत होती.

मी सुई डाव्या हातात घेतली. माझा डावा हात म्हणजे नुसतं कापड धरणारा, त्याला सुई काय कळणार. पण टाका खाचेत जाऊन बसला. एक लांब, एक आखूड. पाचपैकी चार बसले. पाचव्याचा धागा ओढतानाच विरून तुटला. त्या जागी मी लुगड्याचाच दुसरा धागा घातला, त्याच भोकांतून, त्याच कलानं. यापेक्षा वाईट दिसणारं आणि यापेक्षा अवघड काम मी केलेलं नाही.

प्रताप नगरात मी स्वतः गेले, यजमानांच्या स्कूटरवर, लुगडं मांडीवर घेऊन. आई खाटेवर बसल्या होत्या, पाय खाली सोडून. लहानखुऱ्या, केस पांढरेशुभ्र. मुलानं घडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी भोकांचं विचारलंही नाही. पदराची कड धरली आणि बोट चालायला लागलं. मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण बोट माझ्याआधी पोचलं. ते एका जागी थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढं आलं.

"हा टाका मायचा नाही," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. कुठलीही सबब पुढं केली नाही. वडिलांची शिकवण सांगितली नाही, दिवा सांगितला नाही. पाच मी काढले, चार परत घातले, एक तुटला, एवढंच. मुलगा माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं मान खाली घातली. आईंचं बोट त्या टाक्यावरच होतं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला पळून जावंसं वाटलं. आणि दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी म्हटलं की टाके मी जसेच्या तसेच घातलेत, आई, तुमच्या माय डावखुऱ्या होत्या ना, म्हणून मीही डाव्या हातानंच घातले.

त्यांची मान वर झाली. "तुले कोन सांगतलं?"

टाक्यांवरून कळतं, मी म्हटलं. सगळे नऊच्या नऊ डाव्या हाताचे आहेत.

मग हळूहळू बोलल्या, माझ्याशी की स्वतःशी, कोण जाणे. त्यांची माय लहानपणापासून डावखुरी होती. लग्न होऊन आली तेव्हा डाव्या हातानं भाकर वाढली म्हणून सासूनं त्या हातावर तापलेलं उलथनं ठेवलं. तेव्हापासून तिनं लोकांसमोर डावा हात कधी पुढं केला नाही. भाकर उजव्यानं, पाणी उजव्यानं, मालकाच्या वावरात मिरच्या तोडायच्या त्याही उजव्यानं, मागं पडून बोलणी खायची. घरात कोणी नसलं की तेवढ्यापुरता तो हात मोकळा. हे एका मुलीलाच माहीत होतं.

"मी तिच्या समोरच बसली होती," त्या म्हणाल्या. "पन मी पाह्यलंच नाही. मी लोकायले पाहून राहिली होती. केवढे लोकं होते वं बाई! आन् माय माह्या पुढं बसून शिवून राहिली होती."

बोट पुन्हा टाक्यांवरून गेलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, नऊही.

"एवढ्या लोकात," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं. थ्या दिवशी माय कोनालेच भेली नाही."

त्यांनी हात पुढं करून हवेत चाचपला. मी जवळ सरकले. त्यांनी माझा डावा हात शोधून आपल्या मांडीवर घेतला आणि मुलाला सांगितलं की या बाईला चहा ठेव.